सव्वाचौसष्ट मिलिमीटर

१

"मावशी, माझा हेडसेट चोरीला गेलाय!"

"मग शोध की."

"शोधू काय? तो माझ्या हातातच आहे!"

मंगळवारी सकाळी साडेनऊला हे संभाषण झालं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. बोलणारी आमची भाची, बबडी. ऐकणारी आमची ही. बबडी इतकी रडत होती की तिचं अर्धंच कळत होतं. हिने चहाचा कप खाली ठेवला, पर्समध्ये आपलं व्हर्नियर आहे की नाही ते चाचपलं आणि मला म्हणाली, "अहो, स्कूटर काढा."

व्हर्नियर म्हणजे केसाइतकी जाडीही मोजणारी स्टीलची चिमट्यासारखी पट्टी. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, हिच्या पर्समध्ये हे. बत्तीस वर्षं ही एका कारखान्याच्या मापनखोलीत होती. तिथे हिला काटेबाई म्हणत. हिने नापास केलेला भाग खुद्द मालकालाही पास करून घेता आला नाही. मी दंतवैद्य, निवृत्त. चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणत आलो आणि घरी स्वतःचं मिटून बसलो, असं ही म्हणते.

बबडीचा कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. एका टेबलावर फोमचे तुकडे, दुसऱ्यावर पातळ कागदात गुंडाळलेल्या लेन्स, रबरबँड लावून ठेवलेले लहानमोठे जुने फोन. भिंतीवर ओळीने अकरा हेडसेट टांगलेले होते. पहिला बुटाच्या खोक्याचा, अकरावा पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकचा.

वस्तू तशी साधी. डोळ्यांवर बांधायचा डबा. पुढच्या फटीत आपला रोजचा फोन सरकवायचा, आत दोन लेन्स, मध्ये एक पडदा. फोनवर चित्राच्या दोन प्रती दिसतात, प्रत्येक डोळा आपापली प्रत बघतो आणि माणूस थेट समुद्राच्या तळाशी जाऊन पोचतो. बबडीने हा डबा भाजलेल्या मुलांसाठी केला होता. हॉस्पिटलात त्यांची पट्टी बदलताना जे रडणं ऐकू येतं ते मी एकदा ऐकलंय. तेवढी दहा मिनिटं मूल माशांच्या मागे पोहत असलं तर दुखणं निम्मं होतं, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं. दोन वर्षं बबडी त्यापायी जेवणखाण विसरली होती.

आता टेबलावर तिचा अकरावा हेडसेट होता आणि शेजारी त्याचा जुळा भाऊ. तेच नाकाचं कोंदण, तीच वाफ जायची भोकं, बाहेरून दाबलं की आत फोनच्या काचेला टेकणारी तीच छोटी दांडी. फक्त वर दुसऱ्या कंपनीचं नाव.

"त्यांनी माझ्याआधी आठ दिवस हॉस्पिटलला दिला," बबडी म्हणाली. "आता हॉस्पिटल म्हणतंय की नक्कल मी केली. दोघांनाही एकमेकांचा नमुना देऊन उत्तर मागितलंय. गुरुवारी अकरा वाजता समितीपुढे. पटवता आलं नाही तर मी बाद. आणि चोर म्हणून बाद, मावशी!"

हिने दोन्ही डबे आलटूनपालटून हातात घेतले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "इतकं हुबेहूब बाहेरून बघून होत नाही. ज्याने दिलंय तो याच दारातून आत येतो."

२

या दारातून येणारे तिघेच होते.

पहिला लंबू, बबडीचा भागीदार, कॉलेजपासूनचा मित्र. डिझाईन ती करायची, पत्रं, मेल, भेटीगाठी हा. आम्ही गेलो तेव्हा तो बबडीच्या डोक्यावरून हात फिरवत तिला पाणी पाजत होता. दुसरे साचा करणारे भाऊ. त्यांचं दुकान मागच्या गल्लीत. बबडीने साचा तीनदा बदलायला लावला म्हणून महिनाभर ते इकडे फिरकले नव्हते. तिसरी शिवणताई. हेडसेटचे पट्टे आणि तोंडाशी येणाऱ्या गाद्या ती शिवायची. गेल्या महिन्यात ती काम सोडून गेली होती आणि कुठे गेली, तर त्याच दुसऱ्या कंपनीत.

"मग विचारायचं काय राहिलं?" मी म्हणालो.

"तुम्ही हा घाला बघू," म्हणत हिने दुसऱ्या हेडसेटमध्ये बबडीचा फोन सरकवला आणि तो माझ्या डोळ्यांवर बांधला.

मासे दिसले. पण एका माशाचे दोन झाले, दोनाचे पुन्हा एक, आणि माझं पोट ढवळून निघालं. मी घाईघाईने काढून टाकला. मग तोच फोन घालून बबडीचा घातला. तोच समुद्र, तेच मासे, पण आता एकाचा एकच. पाच मिनिटांनी हिने खांद्याला धरून हलवलं तेव्हा कुठे मी वर आलो.

"बबडे, तुझी लेन्स कशी बसते?"

"नुसती दाबायची. टक्क करून बसते." बबडीने तशाही स्थितीत ती काढून परत बसवून दाखवली. "गोंद नाही, स्क्रू नाही. प्रत्येक मुलानंतर सिस्टरना ती काढून धुता यायला हवी ना. त्या एका टक्क आवाजासाठी मी सहा नमुने केले."

हिने दुसऱ्या हेडसेटच्या लेन्सभोवती नख फिरवलं. कडेला पिवळट गोंदाची बारीक रेघ होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

"गोंद लावलाय," ही म्हणाली. "का बरं?"

"पेस्ट लावून बसवावी लागते ती कवळी मापाची नसते," मी सहज म्हणालो. "सैल असते."

ही माझ्याकडे अशी बघायला लागली की लग्नानंतर इतक्या कौतुकाने बघितल्याचं मला आठवत नाही. लगेच व्हर्नियर निघालं. लेन्सची जागा, दोन लेन्समधलं अंतर, फोनची फट, नाकाचं कोंदण, सगळं मोजून तिने डायरीत लिहिलं. दोन्ही डब्यांचं, शेजारी शेजारी.

लंबूने चहा आणला. हिने त्याला विचारलं, "ड्रॉइंगच्या फायली कोण सांभाळतं रे?"

"मीच, मावशी. हिच्या टेबलाची दशा बघताय ना? शंभर फायली करून ठेवते. मी तारखेप्रमाणे लावतो, जुन्या बाजूला काढतो. सगळ्यात शेवटची तारीख ती पक्की फाईल. सोपा हिशोब."

"शहाणा आहेस," ही म्हणाली आणि चहा पिऊन उठली.

जिन्यात मी विचारलं, "चोर कळला?"

"कोण नाही ते कळायला लागलंय. शिवणताईचा पत्ता घेतलाय. चला."

३

शिवणताईने दार उघडलं आणि आम्हाला बघून अर्धं परत लावलं.

"माहीत होतं मला. तिकडे कामाला गेले म्हणजे चोर मीच, नाही का?"

"असं मी म्हटलंय का?" ही म्हणाली. "मला फक्त तुमच्याकडचा नमुना बघायचाय."

खोलीत शिवणयंत्र, पलंगावर झोपलेली म्हातारी आई, औषधांचं ताट. नववा हेडसेट यंत्राच्या शेजारीच होता. पट्ट्याचं माप घ्यायला बबडीने तो दिला होता आणि परत करायचा राहून गेला होता. मी हिच्याकडे बघितलं. अख्खा नमुनाच घरात!

"आईला उचलायला दर दोन तासांनी घरी यावं लागतं," शिवणताई म्हणाली. "ती कंपनी दोन गल्ल्या पलीकडे आहे, म्हणून गेले. बबडीला सांगायला तोंड झालं नाही. पण मी पट्टे शिवते, बाई, कोणाच्या पाठीत सुरा नाही खुपसत!" तिचे डोळे भरून आले.

"तिकडे लेन्स कोण बसवतं?"

"चार मुली दिवसभर चिमट्याने गोंद लावत बसतात. त्यांचे साहेब रोज ओरडतात, लेन्स खुळखुळते कशी म्हणून."

हिने नववा नमुना मोजला, डायरीत बघितलं आणि शिवणताईचा हात दाबला. "काळजी करू नका. तुम्ही सुटलात."

खाली आल्यावर मी म्हणालो, "अगं, रडली म्हणून सुटली?"

"रडण्यावर मी एक भागसुद्धा पास केलेला नाही. आकड्यांवर सुटली."

"कुठले आकडे?"

"आधी भाऊंकडे. मग सांगते."

४

भाऊंचं दुकान तेलाने काळं आणि शिस्तीने चकचकीत होतं. प्रत्येक हत्यार आपल्या खिळ्यावर. भाऊ साठीचे, गाल फुगवून बसलेले.

"तुमच्या भाचीला सांगा, चौथ्यांदा साचा बदलणार नाही."

"नका बदलू," ही म्हणाली. "मला एवढंच सांगा, साचा वस्तूएवढाच असतो का?"

भाऊंनी हिच्याकडे नीट बघितलं. मोजमापाचं माणूस भेटलं की अशा लोकांची कळी खुलते. "छे! प्लॅस्टिक गरम असतं तेव्हा साचा भरतं, गार झालं की आकसतं. हे प्लॅस्टिक शंभराला दोन आकसतं. म्हणून साचा शंभराला दोन मोठा करायचा. गार झालं की वस्तू बरोब्बर मापात. भाची देते ते वस्तूचं ड्रॉइंग. त्यावरून मी साच्याचं ड्रॉइंग वेगळं करतो."

"ते कुठे असतं?"

"हे काय."

भिंतीवर कागद लावला होता. ही चष्मा सारखा करत पुढे झाली. मीही डोकावलो. दोन लेन्समधलं अंतर, ६४.२६.

हिने डायरी उघडून माझ्यापुढे धरली. बबडीचा हेडसेट, त्रेसष्ट. चोरीचा हेडसेट, सव्वाचौसष्ट.

मी बोट ठेवून पुढचे आकडे लावून बघितले. लेन्सची जागा, बबडीची सदतीस, त्यांची पावणेअडतीस. भिंतीवर ३७.७४. फोनची फट, बबडीची एकशे साठ, त्यांची एकशे त्रेसष्टच्या जरा वर. भिंतीवर १६३.२०. एकेक आकडा जुळत होता. चोरांनी बबडीच्या ड्रॉइंगवरून नव्हे, या भिंतीवरच्या कागदावरून माल केला होता.

बाहेर पडताच मी हिचा दंड धरला. "सापडला! भाऊच!"

"हं," ही म्हणाली. "उद्या एकदा बबडीकडे जाऊन भाऊंनी तिला काय काय पाठवलं ते बघायचं. आणि परवा सगळ्यांनाच हॉस्पिटलात बोलवायचं. भाऊंनाही."

"चोराला आमंत्रण?"

"तुम्ही दात काढण्याआधी एक्स-रे घेत होता की नाही? मग गप्प बसा."

५

गुरुवारी अकराच्या ठोक्याला समितीची खोली भरली. मध्ये बालविभागाच्या प्रमुख डॉक्टर, त्यांच्या शेजारी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आणि दोघे सभासद. डावीकडे सुटाबुटातले त्या कंपनीचे साहेब. उजवीकडे बबडी, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून लंबू. मागे भिंतीला टेकून भाऊ आणि दाराशी शिवणताई. बबडीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेब झकास बोलले. त्यांच्या लोकांनी वर्षभर मेहनत केली, एकेक माप स्वतः ठरवलं वगैरे. मग डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या बाजूने?"

आमची ही उठली. "मी मुलीची मावशी. मला बोलता फारसं येत नाही, मोजता येतं. साहेब, दोन लेन्समधलं अंतर तुम्ही किती ठरवलंत?"

"ते... आमचे इंजिनिअर सांगतील. साधारण चौसष्ट."

"सव्वाचौसष्ट. आणि तुमची लेन्स केवढी?"

"सदतीस मिलिमीटर. बाजारात तीच मिळते."

"मग तिची जागा पावणेअडतीस का? लेन्सपेक्षा मोठं भोक ठरवून, ते गोंदाने भरायचं, हे वर्षभराच्या मेहनतीचं फळ का?"

साहेब आपली फाईल चाळायला लागले. ही पुढे गेली आणि दोन्ही डबे डॉक्टरांच्या समोर ठेवले. "माणूस माप ठरवतो तेव्हा त्रेसष्ट म्हणतो, सदतीस म्हणतो, एकशे साठ म्हणतो. असे सरळ आकडे सगळे हिच्या हेडसेटमध्ये आहेत. यांच्यात एकही नाही. यांचं प्रत्येक माप हिच्या मापापेक्षा मोठं आहे आणि प्रत्येक माप शंभराला दोननेच मोठं आहे. लेन्स, फट, नाक, अगदी वाफ जायचं भोकसुद्धा. एखादं माप चुकून तसं येईल. सगळी येत नाहीत."

मग तिने भाऊंना पुढे बोलावलं. भाऊंनी प्लॅस्टिक कसं आकसतं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि साच्याचा कागद टेबलावर पसरला. डॉक्टरांनी आकडे बघितले. सिस्टर वाकल्या.

"म्हणजे याच कागदावरून माल झाला," डॉक्टर सावकाश म्हणाल्या.

"होय. आता हा कागद पोचवला कोणी? शिवणताईकडे बबडीच्याच मापाचा तयार हेडसेट होता. त्यावरून नक्कल केली असती तर ती एक तर तेवढीच झाली असती, नाहीतर आकसून लहान. मोठी कधीच नाही. म्हणून त्या सुटल्या." दाराशी एक हुंदका ऐकू आला. "राहिले भाऊ."

सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंची मूठ आवळली.

"पण बघा," ही म्हणाली, "या कागदात वाढ आधीच धरलेली आहे. त्या कंपनीच्या साचेवाल्याला हे कोणी सांगितलं नाही. त्याला वाटलं हे वस्तूचंच ड्रॉइंग. त्याने आपल्या पद्धतीप्रमाणे पुन्हा शंभराला दोन वाढवले. वाढ दोनदा झाली, आकसणं एकदाच. म्हणून माल मोठा झाला, लेन्स खुळखुळली, गोंद लागला, चित्र दुहेरी दिसायला लागलं. भाऊंनी कागद दिला असता तर हे पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. भाऊ एक वेळ चोरी करतील, पण मापात चुकीचा कागद त्यांच्या हातून जाणार नाही!"

"चोरीही नाही करणार!" भाऊ कडाडले, आणि सिस्टरना हसू आवरेना.

"बबडीने स्वतःच वस्तूचं ड्रॉइंग केलंय, तिची गल्लत होणार नाही. तेव्हा हा कागद अशा माणसाने दिला, ज्याला साचा आणि वस्तू यांतला फरकच माहीत नव्हता. काल मी कारखान्यातल्या फायली बघितल्या. भाऊ साच्याचं ड्रॉइंग मंजुरीसाठी मेलवर पाठवतात. साहजिकच ते वस्तूच्या ड्रॉइंगनंतर येतं. त्याची तारीख सगळ्यात शेवटची." तिने मान वळवली. "आणि सगळ्यात शेवटची तारीख ती पक्की फाईल. सोपा हिशोब. होय ना रे, लंबू?"

लंबूचा हात खुर्चीच्या पाठीवरून निसटला.

"मावशी, हे काहीतरीच... मी तर..."

पण साहेबांचाच तोल गेला. "पक्की फाईल म्हणून शपथेवर सांगितलं होतंस मला!" ते लंबूवर ओरडले. आपण काय बोललो ते कळून त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण तोवर लिहून घेणाऱ्या सभासदाने ते वाक्य लिहून टाकलं होतं.

६

बबडी उठली. दोन दिवस रडणारी हीच का, असं वाटावं इतकी ती ताठ उभी होती.

"का केलंस?"

लंबू खाली बघत होता. "जिथे जावं तिथे बबडीचा हेडसेट, बबडीचा हेडसेट. दोन वर्षं दारोदार फिरलो मी. माझं नाव कोणी घेतलं का? त्यांनी मला डिझाईनप्रमुख करतो म्हटलं."

"मला म्हणायचं होतंस. डब्यावर तुझं नाव माझ्याआधी घातलं असतं," बबडी म्हणाली. "या क्षणापासून तू भागीदार नाहीस. आणि एक लक्षात ठेव. तू दिलेल्या हेडसेटने पोरांना पट्टी बदलताना उलट्या झाल्या असत्या. तेवढं मी तुला कधी माफ करणार नाही."

लंबू गेला. त्याच्या मागोमाग साहेबही, आपला नमुना न घेताच. डॉक्टरांनी सभासदांकडे एकदा बघितलं आणि कागदावर सही करून तो बबडीपुढे सरकवला. बालविभागासाठी बबडीचा हेडसेट मंजूर, आजपासून. शिवणताई धावत येऊन बबडीच्या गळ्यात पडली. बबडीने तिला तिथल्या तिथे सांगितलं की कापड आणि फोम तुझ्या घरी पाठवते, आईजवळ बसून शिव. भाऊ मात्र हिच्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चौथ्यांदा साचा बदलायचा असेल तर सांगा." एवढा मोठा सन्मान हिला कारखान्यात निरोपसमारंभालाही मिळाला नव्हता.

"आज एका मुलीची पट्टी बदलायची आहे," सिस्टर म्हणाल्या. "पाच वर्षांची आहे. ट्रॉलीचा आवाज आला तरी किंचाळते. बघायचं का?"

बबडीने हात धुतले, लेन्स धुतल्या आणि टक्क, टक्क करून बसवल्या. पलंगावरच्या मुलीने आम्हाला बघून पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं होतं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. बबडीने पट्टा सैल करून हेडसेट तिच्या डोळ्यांवर बसवला. मुलीने आधी तोंड वेडंवाकडं केलं. मग ते हळूहळू उघडलं आणि उघडंच राहिलं. मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मोकळ्या हाताने ती काहीतरी पकडायला बघत होती.

सिस्टरनी काम सुरू केलं. मी दुसरीकडे बघत होतो. किंकाळी आता येईल, मग येईल, म्हणून माझ्या मुठी आवळलेल्या होत्या. ऐकू येत होता तो फक्त कात्रीचा आवाज, पाण्याचा आवाज आणि मधूनच मुलीचं, "ए, इकडे ये ना!" बबडी माझा हात इतका घट्ट धरून होती की बोटं बधिर झाली.

सिस्टरनी नवी पट्टी बांधून टोक चिकटवलं आणि ट्रॉली मागे ढकलली. तेवढ्यात मुलीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही सुरू कधी करणार?"

सिस्टर डोळे पुसत होत्या, बबडी रडत होती आणि हसत होती. आमच्या हिने त्या दिवसात पहिल्यांदाच, काही न मोजता, बबडीला पोटाशी धरलं.